बी.कॉम. करता करता बिझनेस इंग्लिश : निर्यातीच्या टेबलावर काम करायचं असेल तर तयारी कशी करावी?

अक्कलकोट_रोड :

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. पदवीनंतर इथल्याच एखाद्या टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात डॉक्युमेंटेशन (निर्यातीचे कागद तयार करणं) किंवा मर्चंडायझिंगच्या (ग्राहकाची ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळणं) टेबलावर काम मिळवायचं आहे, जमलं तर पुढे पुणे-मुंबई. साधारण दीड वर्ष हातात आहे आणि रोज एक तास नक्की देऊ शकते.

इंग्रजी वाचलेलं बऱ्यापैकी कळतं. पण दोन परिच्छेदांचा मेल लिहायला बसलं की अडतं, आणि बोलताना आधी मनात मराठी वाक्य तयार होतं. कॉलेजात बिझनेस कम्युनिकेशनमध्ये पत्राच्या मांडणीचे फुल ब्लॉक, सेमी ब्लॉक हे प्रकार, 'सेव्हन सीज' म्हणजे चांगल्या मजकुराचे सात गुण वगैरे शिकवतात. ऑफिसात हे खरंच लागतं का? तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास लावावा का? कुठलं सर्टिफिकेट कामाला येतं? आणि मुख्य म्हणजे सुरुवात कुठून करावी?

निर्यात_टेबल :

तुम्हाला कुठलं काम करायचं आहे हे ठरलेलं आहे, त्यामुळे इंग्रजीचा आवाका एकदम लहान होतो. 'इंग्रजी सुधारायचंय' म्हणून बसलात तर दीड वर्ष कमी पडेल. 'टॉवेलच्या एका ऑर्डरचा सगळा पत्रव्यवहार मला लिहिता आला पाहिजे' असं ठरवलंत तर पुरून उरेल.

एक ऑर्डर म्हणजे काय काय, ते आधी कागदावर मांडा. ग्राहकाची चौकशी येते. आपण कोटेशन पाठवतो. भावावर घासाघीस होते. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे आगाऊ कच्चं बिल, जातो. सॅम्पल जातं, ते पास होतं किंवा शेडवरून (रंगाच्या छटेवरून) परत येतं. माल तयार होत असताना 'कुठवर आलं' असे मेल येतात. मग इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती), माल निघाल्याची खबर, पैशांची आठवण, आणि कधी कधी तक्रार. प्रत्येक टप्प्याचा एक मेल, असे दहा-बारा मेल होतात. दर आठवड्याला एक पक्का करायचा ठरवलात तर एका सेमिस्टरमध्ये सगळे होतात.

सुरुवात मालाच्या वर्णनापासून करा, मेलपासून नको. हे वाक्य घ्या : 'हंड्रेड पर्सेंट कॉटन टेरी टॉवेल्स, साइज ७० बाय १४० सेंटिमीटर्स, ४५० जीएसएम, कलर नेव्ही, २४ पीसेस पर कार्टन, ५०० कार्टन्स इन टोटल.' यातला प्रत्येक आकडा दुसऱ्या आकड्याला बांधलेला आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ०.७० गुणिले १.४० म्हणजे ०.९८ चौरस मीटर, त्याला ४५० ग्रॅमने गुणलं की एक टॉवेल ४४१ ग्रॅमचा. २४ नगांचं कार्टन हिशोबाने १०.५८४ किलो, आणि १२,००० नगांचं निव्वळ वजन ५,२९२ किलो. पॅकिंग लिस्टवर याच्या आसपासचा आकडा नसेल तर ग्राहक विचारणारच. 'पर', 'ईच', 'इन टोटल', 'नेट', 'ग्रॉस' हे पाच शब्द जागच्या जागी बसवता आले की निम्मं डॉक्युमेंटेशन आलं असं मी म्हणेन. कुठलाही माल घ्या, घरातली चादर घ्या, आणि तिचं असं एका वाक्यातलं वर्णन लिहून बघा.

भाव लिहिताना चार गोष्टी लागतात : चलन, आकडा, एकक आणि इन्कोटर्म (खर्च आणि जोखीम कुठवर कुणाची, हे सांगणारी ठरलेली संज्ञा) ठिकाणासकट. 'प्राइस : यूएसडी २.४५ पर पीस, एफओबी न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०.' नुसतं 'एफओबी' लिहिलं तर कुठल्या बंदरापर्यंत, हे अधांतरी राहतं. इन्कोटर्म्स २०२० मध्ये एकूण ११ संज्ञा आहेत. तुम्हाला सुरुवातीला एफओबी (जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला), सीएफआर (त्यावर जहाजाचं भाडंही आपलं), सीआयएफ (भाडं आणि विमाही आपला) आणि एफसीए (ग्राहकाच्या वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंत आपलं) पुरतील. 'सीआयएफ हॅम्बुर्ग' म्हणजे हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमा आपण भरायचा. पण माल खराब होण्याची जोखीम इथल्या बंदरात जहाजावर चढला तेव्हाच ग्राहकाकडे गेलेली असते. हा फरक इंग्रजीत तीन वाक्यांत समजावून सांगता येतो का, ते बघा. मुलाखतीला विचारतात.

आकडे आणि तारखा यांत सगळ्यात महाग चुका होतात. ०५/०६ ही तारीख आपल्याकडे ५ जून आणि अमेरिकेत ६ मे. म्हणून महिना कायम अक्षरांत. लाख-कोटी परदेशी मेलमध्ये चालत नाहीत : १० लाख म्हणजे 'वन मिलियन', १०० कोटी म्हणजे 'वन बिलियन', आणि स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर. जर्मनीकडे तर स्वल्पविराम आणि दशांश टिंब यांची अदलाबदल असते, आपलं २.४५ ते २,४५ असं लिहितात. फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडा सांगितला की लगेच फोडून सांगायचा : 'फिफ्टी, फाइव्ह झीरो'. नावाची स्पेलिंग सांगायला अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही सव्वीस अक्षरांची यादी पाठ करा. एका संध्याकाळचं काम आहे आणि आयुष्यभर पुरतं.

एक भाग कॉलेजात कुणी नीट सांगत नाही, पण या टेबलावर इंग्रजीचा खरा कस तिथेच लागतो : एल.सी., म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, ठरलेले कागद बरोबर दिले की पैसे देऊ अशी ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी. बँका जे नियम वापरतात ते यूसीपी ६००, इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यात साध्या इंग्रजी शब्दांचे अर्थ ठरवून टाकले आहेत. रकमेला, नगसंख्येला किंवा दराला 'अबाउट' किंवा 'अप्रॉक्सिमेटली' लावलं असेल तर १० टक्के कमी-जास्त चालतं. तारखेला 'ऑन ऑर अबाउट' असेल तर पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत. माल पाठवण्याच्या मुदतीत 'टिल', 'अन्टिल', 'फ्रॉम', 'बिट्वीन' यांत ती तारीख धरतात, 'बिफोर' आणि 'आफ्टर' यांत धरत नाहीत. म्हणजे 'शिपमेंट बिफोर १५ जून' असेल तर १५ तारखेला चढवलेला माल उशिराचा ठरतो. महिन्याची 'बिगिनिंग' १ ते १०, 'मिडल' ११ ते २०, 'एंड' २१ पासून शेवटपर्यंत. आणि आपण मेलात सारखं टाकतो ते 'ॲज सून ॲज पॉसिबल' बँक विचारातच घेत नाही.

इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एल.सी.तल्या वर्णनाशी जुळावं लागतं. तिथे आपलं 'सुधारलेलं' इंग्रजी घालायला जाऊ नका, सरळ तेच शब्द उचला. 'मशीन'च्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर इकडेतिकडे झालं आणि अर्थ बदलला नाही, तर त्यावरून कागद नाकारायचे नाहीत, असं बँकांच्या कार्यपद्धतीत धरलेलं आहे. पण मॉडेल नंबर ३२१ च्या जागी १२३ पडलं तर ती विसंगतीच. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. विसंगती निघाली की तोवर पैसे अडकतात आणि बँक आपला आकार वेगळा लावते.

इंटरनेटवर नमुन्याच्या एल.सी. सापडतात. एक छापून घ्या आणि पेन्सिलने प्रत्येक तारखेखाली, आकड्याखाली आणि 'मस्ट', 'शाल', 'मे' यांच्याखाली रेघ मारा. दोन तास लागतील. एवढ्या वाचनाने जे इंग्रजी येईल ते तीन महिन्यांच्या क्लासात येणार नाही.

वहीचं_पान :

वर निर्यातीचं छान आलंय. मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या वाक्यांत काय अडतं तेवढंच लिहिते, कारण त्या चुका ठरलेल्या असतात आणि ठरलेल्या असल्यामुळेच काढता येतात.

पहिली चूक 'पर्यंत'ची. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे', दोन्हीकडे आपल्याला एकच 'पर्यंत' पुरतो. इंग्रजीत पहिलं 'बाय फ्रायडे', दुसरं 'टिल फ्रायडे'. 'वी विल सेंड द सॅम्पल्स टिल फ्रायडे' हे वाक्य ग्राहक दोनदा वाचतो आणि तरी त्याला कळत नाही. काम एकदाच व्हायचं असेल आणि त्याची शेवटची मुदत सांगायची असेल तर 'बाय'. काहीतरी तोवर चालू राहणार असेल तर 'टिल'.

दुसरी 'पासून'ची. 'दोन वर्षांपासून काम करतोय' याचं आपण 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' करतो. पाहिजे 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स'. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स'.

तिसरी काळाची. 'उद्या सांगतो' हे आपल्याकडे वर्तमानकाळात बिनदिक्कत चालतं, म्हणून 'आय टेल यू टुमॉरो' येतं. कामाच्या इंग्रजीत वचन 'विल'ने द्यायचं. आणि वेळ सांगितली की साधा भूतकाळ : 'वी शिप्ड द गुड्स ऑन मंडे'. 'वी हॅव शिप्ड द गुड्स ऑन मंडे' चूक. 'हॅव शिप्ड' फक्त तारीख न देता, काम झालं एवढंच सांगायचं असेल तेव्हा.

चौथी सौजन्याची, आणि ही व्याकरणाची नसल्यामुळे कुणी दाखवून देत नाही. आपण 'पाठवा', 'कळवा' म्हणतो त्यात आदर क्रियापदातच असतो. इंग्रजीत नुसतं 'सेंड मी द डिटेल्स' हुकमासारखं वाटतं, आणि 'यू हॅव टु सेंड' तर दटावल्यासारखं. 'कुड यू प्लीज सेंड अस' ही रोजची पद्धत. पैसे आले नसतील तर 'यू हॅव नॉट पेड' लिहू नका, 'वी हॅव नॉट यट रिसीव्हड पेमेंट फॉर इन्व्हॉइस ११७' लिहा. वाक्याचा कर्ता 'यू' काढून 'वी' केला की धार जाते आणि मुद्दा तसाच राहतो.

किरकोळ पण डोळ्यांत भरणारं : 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस' यांना अनेकवचनाचा 'एस' नाही. 'गुड्स' कायम अनेकवचनी, 'गुड्स हॅव अराइव्हड'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नाही. 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन टु मी'.

आता सराव. मुलांना सगळ्यात लवकर फरक पाडणारा प्रकार म्हणजे उलटसुलट भाषांतर. चांगल्या इंग्रजीतला शंभर-दीडशे शब्दांचा एक कामाचा मेल घ्या. तो नीट मराठीत उतरवा, अगदी आपण ऑफिसात बोलू तसा. मूळ मेल बाजूला ठेवा. दोन दिवसांनी फक्त तुमच्या मराठीवरून पुन्हा इंग्रजीत लिहा, वेळ वीस मिनिटं. मग दोन्ही शेजारी ठेवून लाल पेनाने फरक काढा. बहुतेक फरक 'द', 'अ', 'टु', 'ऑफ' अशा बारक्या शब्दांत आणि क्रियापदाच्या काळात निघतात. त्यांची वेगळी वही करा. चार मेल झाले की त्याच त्याच पाच-सहा चुका पुन्हा येताना दिसतात, आणि तुमचं व्याकरण तेवढंच. बाकीचं जाडं पुस्तक उघडायची गरज नाही.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' फुकट आहे आणि सोबत संहिताही मिळते. पण संहिता समोर ठेवून ऐकलं तर कान काम करत नाहीत. आधी दोनदा नुसतं ऐका. मग कुठलंही एक मिनिट थांबत थांबत लिहून काढा आणि मग पडताळा. त्यानंतर तेच मिनिट त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणा. उच्चाराचा फार धसका घेऊ नका, आपला मराठी हेल कुणाला आड येत नाही. आड येतो तो चुकीच्या जागी दिलेला आघात. 'एक्स्पोर्ट', 'रेकॉर्ड', 'इन्क्रीज' हे नाम असताना जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. 'रिसीट'मधला 'पी' आणि 'डेट'मधला, म्हणजे कर्जाच्या 'डेट'मधला, 'बी' उच्चारायचा नाही. कामाला एवढं पुरे.

कॉलेजच्या विषयाबद्दल : फुल ब्लॉक-सेमी ब्लॉक मार्कांपुरतं करा, मेलमध्ये सगळं डावीकडूनच सुरू होतं. पण पुस्तकातले चौकशी, तक्रार, तक्रारीचं निवारण आणि वसुली हे पत्रांचे धडे टाकून देऊ नका. मजकुराचा क्रम तिथे बरोबर दिलेला असतो : संदर्भ, वस्तुस्थिती, काय हवंय, कधीपर्यंत. भाषा तेवढी आजची करायची. 'आय बेग टु स्टेट' काढा, क्रम ठेवा.

भरती_कक्ष :

सर्टिफिकेटबद्दल लिहितो. सोलापुरातल्या निर्यातदाराकडे सहसा कुणी इंग्रजीचं सर्टिफिकेट विचारत नाही. समोर एक मेल ठेवतात आणि 'याला उत्तर लिहा' म्हणतात. त्यामुळे वरचा सराव हीच तयारी. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपन्या आणि बीपीओ मात्र स्वतःच चाचणी घेतात. व्हर्संटसारख्या चाचणीत समोर माणूस नसतो, मशीन आवाज तपासतं : वाक्य मोठ्याने वाचणं, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं, एका शब्दाची उत्तरं, विस्कटलेले तुकडे जोडून वाक्य करणं, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणं. चांगलं इंग्रजी येणारी मुलंसुद्धा इथे पडतात, कारण ती विचार करायला थांबतात किंवा पंख्याखाली, गोंगाटात बसून देतात. ऐकलेलं दहा-बारा शब्दांचं वाक्य लगेच म्हणायचा सराव करा. बारावा शब्द आठवत नसेल तर अकरा म्हणा, गप्प राहू नका.

स्वतःसाठी एखादं ध्येय हवं असेल तर केंब्रिजच्या बिझनेस परीक्षा आहेत : प्रिलिमिनरी म्हणजे बी १, व्हँटेज म्हणजे बी २, हायर म्हणजे सी १ (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या चढत्या पातळ्या). तुमच्या कामाला बी २ भरपूर झालं. या प्रमाणपत्राला मुदत नसते. टोइकची ऐकणं-वाचणं परीक्षा दोन तासांची, २०० प्रश्न, ९९० पैकी गुण, पण गुणपत्रिका दोनच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून एस.वाय.ला देऊन उपयोग नाही. आयईएल्टीएस परदेशी शिक्षण आणि स्थलांतरासाठी. या कामासाठी त्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा इंग्रजी टायपिंगची ३० आणि ४० ची परीक्षा द्या आणि एक्सेल नीट शिका. डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर हे दोन्ही पहिल्या दिवसापासून लागतं.

क्लास लावायचाच असेल तर आधी दोन प्रश्न विचारा. आठवड्यातून किती वेळा माझं लिहिलेलं कुणीतरी तपासून परत देणार? आणि एका तासात मी स्वतः किती मिनिटं बोलणार? चाळीस जणांच्या बॅचमध्ये याचं उत्तर एक-दीड मिनिट असतं. त्यापेक्षा तिघी मैत्रिणी मिळून आठवड्यातून दोनदा अर्धा तास बसा : एक ग्राहक, एक निर्यातदार, तिसरी फक्त चुका लिहून घेणार.

बायोडाटा एका पानात. धर्म, वडिलांचा व्यवसाय, छंद यांची गरज नाही. 'हार्डवर्किंग', 'सिन्सिअर' लिहिण्यापेक्षा काय केलंय ते क्रियापदाने सुरू करून लिहा : 'प्रिपेअर्ड सॅम्पल इन्व्हॉइसेस अँड पॅकिंग लिस्ट्स ॲज अ कॉलेज प्रोजेक्ट'. मुलाखतीत 'मायसेल्फ अमुक अमुक' नको, 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज'. 'पास्ड आउट' न म्हणता 'ग्रॅज्युएटेड'. स्वतःबद्दल सांगायला दीड मिनिट धरा : शिक्षण, या कामासाठी काय शिकलात, हेच काम का. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं, म्हणून वाक्यं पाठ न करता हे तीन टप्पे लक्षात ठेवा.

'काइंडली' आणि 'डू द नीडफुल' यांवर सगळे तुटून पडतात. देशातल्या देशात, बँकेला किंवा सीएचएला (कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटला) लिहिताना ते सर्रास चालतं आणि कुणाचा गैरसमज होत नाही. परदेशी ग्राहकाला लिहिताना टाळा.

अक्कलकोट_रोड :

सगळ्यांचे मनापासून आभार. छापून घेतलंय. तक्रारीच्या मेलपासून सुरुवात केली. ग्राहकाला १२ कार्टनमधल्या नेव्ही टॉवेलांची शेड वेगळी वाटली, अशी कल्पना करून उत्तर लिहिलं आहे. कुणी तपासून द्याल का?

'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टु युवर मेल वी आर व्हेरी सॉरी फॉर द सेम. वी हॅव डिस्कस्ड अबाउट द शेड प्रॉब्लेम विथ अवर प्रोसेस हाउस. वी विल डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट अँड रिव्हर्ट बॅक टिल फ्रायडे. काइंडली बेअर विथ अस.'

निर्यात_टेबल :

चांगलं केलंत, कारण तक्रारीचं उत्तर हा सगळ्यात अवघड मेल आहे. एकेक ओळ घेऊ.

विषयाची ओळच नाही. ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये दहा पुरवठादारांचे मेल असतात, त्यामुळे इन्व्हॉइस नंबर आणि मुद्दा विषयातच पाहिजे. 'रिस्पेक्टेड सर'च्या जागी 'डिअर मिस्टर' किंवा 'डिअर मिस' आणि आडनाव, मेलच्या तळाशी सापडतं. ते खरंच नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम'.

'सॉरी फॉर द सेम' इथे घातक आहे. चूक आपली की नाही हे अजून ठरलेलं नाही. 'वी ॲपॉलजाइझ फॉर अवर मिस्टेक' किंवा त्याच्या जवळचं काहीही लिहिलं की उद्या क्लेमच्या (नुकसानभरपाईच्या) वाटाघाटीत तोच मेल पुढे येतो. 'वी आर सॉरी टु हिअर अबाउट' म्हणजे तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं, एवढंच. सौजन्य राहतं आणि जबाबदारी तपासापर्यंत मोकळी राहते.

'डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट' यात काय करणार आणि कधी, दोन्ही नाही. शेडचा प्रश्न असेल तर आपल्याला तीन गोष्टी लागतात : कुठली कार्टन, त्यांचा डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेला गट) कुठला, आणि पास झालेल्या सॅम्पलशेजारी ठेवून काढलेले फोटो. फोटो दिवसाच्या उजेडात हवेत, कारण काही रंग ट्यूबलाइटखाली वेगळे आणि उन्हात वेगळे दिसतात, आणि मग ती तक्रार मालाची आहे की दिव्याची हेच कळत नाही. या तिन्हींपैकी कार्टन नंबर आणि फोटो ग्राहकाकडून मागायचे, डाय लॉट आपण आपल्या नोंदींत बघायचा. 'रिव्हर्ट'चा अर्थ तिकडे 'पूर्वस्थितीला जाणं' असा घेतात, म्हणून 'रिप्लाय' किंवा 'सेंड'. 'टिल फ्रायडे'बद्दल वर आलंच आहे, त्यात तारीखही घाला.

मी असा लिहीन :

विषय : 'इन्व्हॉइस ११७, शेड व्हेरिएशन इन १२ कार्टन्स, फोटोज नीडेड'

'थँक यू फॉर युवर मेल ऑफ ३ मार्च. वी आर सॉरी टु हिअर अबाउट द शेड व्हेरिएशन इन १२ कार्टन्स ऑफ नेव्ही टॉवेल्स. टु फाइंड द कॉज, वी नीड टू थिंग्ज फ्रॉम यू : द कार्टन नंबर्स, अँड फोटोज टेकन इन डेलाइट नेक्स्ट टु द ॲप्रूव्हड सॅम्पल. वी आर चेकिंग द डाय लॉट रेकॉर्ड्स हिअर. इफ वी रिसीव्ह द फोटोज बाय वेन्सडे, ५ मार्च, वी विल सेंड यू अवर फाइंडिंग्ज बाय फ्रायडे, ७ मार्च.'

शेवटच्या वाक्यात 'इफ' का आहे ते बघा. फोटो उशिरा आले तर शुक्रवारचं वचन आपोआप सुटतं, आणि ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

वहीचं_पान :

एक भर. आता हाच मेल मराठीत उतरवून ठेवा आणि दोन दिवसांनी परत इंग्रजीत लिहा. 'अवर फाइंडिंग्ज', 'नेक्स्ट टु', 'टेकन इन डेलाइट' हे तीन तुकडे बहुधा निसटतील. पुढचा मेल भाव कमी करायला नकार देण्याचा घ्या. त्यात 'नो' हा शब्द न वापरता नकार स्पष्ट झाला पाहिजे. लिहून झाला की इथेच टाका.